मेला कोण, हे आधी विचारा

24 फेब्रुवारी 2018 रोजी अभिनेत्री श्रीदेवींचे दुबईच्या एका हॉटेलात निधन झाले. शुद्ध हरपून बाथटबमध्ये बुडाल्याने अपघाती मृत्यू, असा निष्कर्ष काढून तिथल्या सरकारी वकिलांनी प्रकरण बंद केले. 28 तारखेला मुंबईत हजारो लोकांच्या साक्षीने शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. तरीही त्याच वर्षी मे महिन्यात मृत्यूच्या चौकशीची मागणी करणारी एक याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे उभी राहिली. श्रीदेवींच्या नावावर ओमानमध्ये 240 कोटींचा विमा होता, आणि मृत्यू संयुक्त अरब अमिरातीत झाला तरच ते पैसे मिळणार होते, असा त्यात दावा होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ती मागणी आधीच फेटाळली होती. सर्वोच्च न्यायालयानेही फेटाळली. याचिका संपली, पण त्यातला दावा संपला नाही. मी जयपूरच्या मुरलीपुऱ्यात राहतो. इथे सीकर रोडवरच्या चहाच्या टपरीवर आजही एखाद्या नटाच्या निधनाची बातमी आली की कुणीतरी ठामपणे सांगतो, ‘सब बीमे का खेल है.’ दुसरा त्याच्या पुढे जातो: ‘मरा ही नहीं, बाहर बैठा है.’

या म्हणण्याचे खंडन करायचे तर आधी ते नीट मांडले पाहिजे. ते निव्वळ वेडेपणाचे नाही. प्रसिद्ध माणसाचा मृतदेह सर्वसामान्यांनी पाहिलेला नसतो, डॉक्टरांचा अहवाल पूर्ण बाहेर येत नाही, घरचे लोक गप्प राहतात. पोलीस पैशापुढे वाकतात, हा आपला अनुभव आहे. विम्यासाठी मरणाचे सोंग आणणारे लोक असतात, हेही खरे. शिवाय प्रसिद्ध व्यक्तीने स्वतःच मेल्याची खोटी बातमी पसरवल्याचे उदाहरण आपण डोळ्यांनी पाहिले आहे. 2 फेब्रुवारी 2024 रोजी मॉडेल पूनम पांडे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेल्याचे तिच्याच खात्यावरून जाहीर झाले, आणि दुसऱ्या दिवशी तिने स्वतः येऊन आपण जिवंत असल्याचे सांगितले. मग बाकीच्यांवर विश्वास का ठेवावा, असा हा पूर्वपक्ष आहे.

पूनम पांडेचे प्रकरण या पूर्वपक्षाच्या बाजूचे वाटते, पण ते त्याच्या विरुद्ध साक्ष देते. ते सोंग एक दिवस टिकले. पहिल्याच संध्याकाळी लोक विचारू लागले होते: देह कुठे आहे, रुग्णालय कोणते, अंत्यविधी कुठे? प्रसिद्ध माणसाच्या मृत्यूवर हजारो डोळे असतात आणि त्यातले एक मिटले तरी दुसरे उघडे असते. त्या एका दिवसात खरी इजा झाली ती त्याच आजाराशी झुंजणाऱ्या बायकांना आणि त्यांच्या घरच्यांना. आमदार सत्यजित तांबे यांनी तेव्हा कारवाईची मागणी केली होती, आणि ती रास्त होती.

याहून मोठे उदाहरण ब्रिटनचे आहे. जॉन स्टोनहाउस हे माजी मंत्री. नोव्हेंबर 1974 मध्ये मायामीच्या किनाऱ्यावर कपडे ठेवून ते नाहीसे झाले. समुद्रात बुडाले असे जगाने समजावे आणि विम्याचे पैसे पत्नीला मिळावेत, अशी योजना होती. मेलेल्या माणसांच्या नावाने त्यांनी आधीच पासपोर्ट काढून ठेवले होते. इतकी तयारी असलेला माणूस त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर ऑस्ट्रेलियात पकडला गेला, कारण मेलबर्नच्या पोलिसांना तो दुसराच एक फरारी इंग्रज, लॉर्ड लुकन, वाटला होता. 1976 मध्ये त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. सत्ता, पैसा, परदेशी ओळखी, सगळे हाताशी असूनही महिना-सव्वा महिन्यापलीकडे मजल गेली नाही. चेहरा हीच ज्याची कमाई आहे, त्याला चेहरा लपवून जगणे सर्वांत अवघड.

आता विम्याकडे येऊ, कारण या तर्काचा सगळा भार त्यावर आहे. विमा कंपनी म्हणजे पैसे मोजायला बसलेला भोळा सावकार, असे चित्र डोक्यात ठेवून ही बोलणी चालतात. प्रत्यक्षात मोठ्या रकमेच्या प्रत्येक पायरीवर शंका घेणे हाच तिचा धंदा आहे. रक्कम ठरवतानाच उत्पन्नाचे पुरावे मागतात. रक्कम फार मोठी असली की कंपनी जोखमीचा हिस्सा पुनर्विमा कंपनीकडे देते, म्हणजे कागद तपासणारे आणखी एक घर वाढते. पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला, तर तो ‘अर्ली क्लेम’ ठरतो आणि कंपनीचा माणूस गावात येऊन शेजारी, डॉक्टर, रुग्णवाहिका, स्मशानातील नोंद, सगळे विचारून जातो. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे तीन वर्षांनंतर पॉलिसीला आव्हान देता येत नाही, हे खरे आहे. पण ते संरक्षण प्रस्तावातल्या माहितीपुरते आहे. माणूस मेलाच नसेल तर दावाच उभा राहत नाही. आणि देह नसेल तर? सात वर्षे ज्याचा ठावठिकाणा जवळच्यांनाही नाही, त्याला मृत धरता येते, तेही बहुधा न्यायालयात जाऊन. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम 108 मध्ये होते, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे. वर्षाला कोट्यवधी कमावणाऱ्या नटाने सात वर्षे अंधारात बसून राहायचे, प्रत्येक चित्रपटाची, जाहिरातीची कमाई सोडायची, आणि बदल्यात वारसांना एकदाच एक रक्कम मिळायची? हा व्यवहार कोणत्याही बाजूने मांडला तरी तोट्याचाच निघतो. मृत्यूच्या देशावर पैसे अवलंबून ठेवणारी 240 कोटींची पॉलिसी ही कल्पनाही आयुर्विम्याच्या साध्या व्यवहारात कुठे बसत नाही.

या तर्काची आणखी एक खोड आहे. गायक एल्विस प्रेस्ली 16 ऑगस्ट 1977 रोजी मेम्फिसमध्ये वारला. तो जिवंत आहे असे मानणाऱ्यांत एक युक्तिवाद असा चालत आला की त्याच्या विम्याचा दावाच केला गेला नाही, कारण दावा केला असता तर फसवणुकीचा गुन्हा झाला असता. म्हणजे विम्याचे पैसे घेतले तर तो कट, आणि घेतले नाहीत तर तोही कट. ज्या म्हणण्याला कुठलाच पुरावा खोटे ठरवू शकत नाही, त्याला पुरावा नको असतो, फक्त श्रोता हवा असतो.

इथवर खंडन झाले. पण एवढ्यावर थांबलो तर हा लेख लिहायचे कारणच उरत नाही. विम्यासाठी मरणाचे नाटक होते, आणि ते आपल्या आसपास होते. फक्त त्यात नट नसतात, आणि नाटकात कुणीतरी खरोखरच मरते.

अहमदनगर जिल्ह्याच्या (आता अहिल्यानगर) अकोले तालुक्यातल्या राजूरचे उदाहरण घ्या. अमेरिकेत अनेक वर्षे राहिलेला एक मराठी माणूस 2021 मध्ये परतला आणि राजूरला भाड्याने राहू लागला. त्याच्या नावावर अमेरिकेतल्या कंपनीचा 50 लाख डॉलरचा, म्हणजे तेव्हाच्या भावाने 37 कोटींच्या आसपासचा विमा होता. एप्रिलमध्ये सर्पदंशाने त्याचा मृत्यू झाल्याची नोंद झाली आणि ‘पुतण्या’ म्हणवणाऱ्याने देह ओळखला. कंपनीला शंका होती, कारण याआधी त्याच्या पत्नीच्या मृत्यूचाही दावा आला होता, आणि ती जिवंत निघाली होती. चौकशी करणारे आले, तेव्हा शेजाऱ्याला रुग्णवाहिका आठवत होती, सर्पदंश मात्र आठवत नव्हता. फोनच्या नोंदी तपासल्यावर पोलिसांचा निष्कर्ष असा निघाला की तो ‘पुतण्या’ म्हणजे स्वतः विमा उतरवलेला माणूसच होता. ऑक्टोबरमध्ये त्याला गुजरातमध्ये अटक झाली. मग देह कुणाचा होता? पोलिसांच्या म्हणण्यानुसार, रस्त्यावर राहणाऱ्या, मानसिक आजार असलेल्या, वयाने आणि बांध्याने त्याच्याशी मिळत्याजुळत्या एका माणसाचा. त्याला हेरून आणले, मिळवलेला नाग त्याला चावू दिला, आणि दुसऱ्याच्या नावाने त्याच्यावर अंत्यसंस्कार झाले.

त्या माणसाच्या बेपत्ता होण्याची कुणी तक्रार केली नव्हती. सगळ्या बेताचा पाया हाच होता. कॅमेऱ्यांनी वेढलेल्या श्रीदेवींच्या मृत्यूवर आपण वर्षानुवर्षे शंका घेतली. राजूरच्या त्या माणसाच्या मृत्यूवर अमेरिकेतली कंपनी शंका घेईपर्यंत कुणी एक प्रश्न विचारला नाही.

केरळमध्येही हेच घडले होते. जानेवारी 1984 मध्ये सुकुमार कुरुप या परदेशात नोकरी करणाऱ्या माणसाने आपल्या मृत्यूचा बनाव रचला. मोटारीत जळालेला देह चाको नावाच्या, रात्री रस्त्यावर गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाचा निघाला. कुरुप आजवर सापडलेला नाही. त्याच्यावर 2021 मध्ये चित्रपट आला आणि त्याचे नाव घरोघरी गेले. चाकोचे नाव किती जणांच्या लक्षात आहे?

मुरलीपुऱ्यातून सीकर रोडने बाहेर पडले की काही अंतरावर हरमाडा लागते. 5 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे पावणेपाचच्या सुमारास एक बाई आपल्या चुलतभावाच्या मोटारसायकलवर मागे बसून हनुमानाच्या दर्शनाला निघाली होती. मागून आलेल्या मोठ्या गाडीने त्यांना उडवले. ती जागीच गेली, भाऊ उपचारादरम्यान गेला. जवळजवळ दोन महिने हा रस्त्यावरचा अपघात होता. मग पोलिसांनी तिच्या नवऱ्याला आणि एका सराईत गुन्हेगाराला पकडले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, नवऱ्याने तिचा विमा काढला होता: नैसर्गिक मृत्यूला एक कोटी, अपघाती मृत्यूला 1 कोटी 90 लाख. दोघांचे पटत नव्हते, ती मुलीला घेऊन माहेरी राहत होती आणि तिने आधी छळाची तक्रारही दिली होती. मग त्याने गोड बोलून तिला सांगितले की आपण नवस बोललो आहोत; सलग अकरा दिवस मोटारसायकलवरून मारुतीला जायचे, कुणाला न सांगता. घर सावरेल या आशेने ती जात होती.

इथे तर मरणाचे सोंगही नव्हते. अपघाताचे सोंग होते. टपरीवर ‘सब बीमे का खेल है’ म्हणणाऱ्याच्या तोंडातून मी या बाईचा उल्लेख आजवर ऐकलेला नाही, आणि तिचा रस्ता त्याच्या रोजच्या येण्याजाण्याचा आहे. हे मला मनापासून खुपते. संशय घेण्याची आपली शक्ती मर्यादित असते. ती सगळी पडद्यावरच्या चेहऱ्यांवर उधळली की जिथे तिची खरी गरज आहे, तिथे पोहोचायला काही उरत नाही.

‘तो मेला नाही’ या श्रद्धेला मी हसत नाही. मराठी माणसाला ती ओळखीची आहे. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. धड आणि शिर वेगवेगळे सापडून त्यांची ओळख पटवल्याचे आणि दहन झाल्याचे काशीराज या समकालीन लेखकाच्या वृत्तांतात आहे. तरी त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी आपले वैधव्य कधी मानले नाही. त्यांच्या त्या आशेला कुणी बोल लावावा असे मला वाटत नाही. पण तीच आशा वापरून एक तोतया उभा राहिला, रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, कोकणातले किल्ले त्याने बळकावले आणि त्याच्यामागे माणसे लढली, मेली. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांना त्याच्यावर फौज न्यावी लागली, आणि 1776 मध्ये पुण्यात त्याला मृत्युदंड झाला. 1857 च्या उठावातल्या नानासाहेब पेशव्यांचेही तेच. ते जिवंत आहेत या समजापायी 1863 मध्ये इथून जवळच अजमेरला एका माणसाला पकडले, 1874 मध्ये ग्वाल्हेरला आणखी एकाला. दोघेही नानासाहेब ठरले नाहीत. थोर माणूस जिवंत आहे या कथेची किंमत अडीचशे वर्षांपूर्वीही दुसऱ्याच, अनोळखी लोकांनी मोजली.

म्हणून माझे मंडन एवढेच आहे की शंका घ्या, पण तिची दिशा बदला. प्रश्न ‘तो खरेच मेला का’ हा नाही. ‘मेला तो कोण होता, आणि त्याच्या मरणाने कुणाला पैसे मिळणार आहेत’ हा प्रश्न आहे, आणि तो तालुक्याच्या रुग्णालयात, पोलीस ठाण्यात, एजंटाच्या टेबलावर विचारला गेला पाहिजे.

कुणी म्हणेल की अशाने खऱ्या दावेदारांना त्रास होईल, पतीच्या मागे उरलेल्या बाईला दहा खेपा घालाव्या लागतील. ही भीती मला मान्य आहे. उलट सरसकट संशयाला माझा विरोध याचसाठी आहे. ‘विमा म्हणजे सगळा खेळ’ असे समाजाने ठरवले की खरी विधवाही संशयित ठरते. बहुतांश मृत्युदावे प्रामाणिक असतात आणि ते दिलेही जातात. तपास नेमका हवा. रुग्णालयात देह ओळखणारा नातेवाईक एकटाच असेल, मृत गावात नुकताच राहायला आलेला असेल आणि कारण सर्पदंश, आग किंवा अपघात असेल, तर देह ताब्यात देण्यापूर्वी बोटांचे ठसे आणि डीएनएसाठी नमुना राखून ठेवायला कितीसा वेळ लागतो? राजूरला ठसे जुळवले असते तर तो माणूस निदान स्वतःच्या नावाने, नाहीतर अनोळखी म्हणून तरी नोंदला गेला असता. दुसऱ्याच्या नावाने जळाला नसता. रस्त्यावर राहणारा माणूस चार दिवस नेहमीच्या जागी दिसला नाही, तर चहावाल्याने, देवळाच्या पुजाऱ्याने पोलिसांना सांगावे आणि पोलिसांनी तो बेपत्ता असल्याची नोंद करून घ्यावी. तक्रारदार नात्यातलाच हवा असा आग्रह धरू नये. आणि नवरा बायकोच्या नावावर अपघाती मृत्यूची मोठी रक्कम उतरवतो, तेव्हा एजंटाने सही घेण्यापूर्वी त्या बाईशी एकटीशी बोलावे, तिला रक्कम सांगावी, नॉमिनी कोण आहे ते सांगावे, आणि ती माहेरी राहत असेल किंवा तिने छळाची तक्रार दिली असेल तर तो प्रस्ताव कंपनीने तिथेच थांबवावा.