विश्लेषण : परदेशात मुलांकडे गेलेले आई-वडील आजारी पडले तर…? विमा असूनही खिशाला झळ का बसते?

मुलीचे बाळंतपण, नातवाची मुंज किंवा ‘एकदा येऊन राहून तर बघा’ असा आग्रह. महाराष्ट्रातून अमेरिकेला जाणाऱ्या ज्येष्ठांचा प्रवास बहुतेकदा अशाच कारणाने होतो. पर्यटक व्हिसावर साधारण सहा महिने राहता येते. म्हणजे ही आठ दिवसांची सहल नसते. मधुमेह, रक्तदाब, गुडघे, कधी हृदयातील स्टेंट असे सगळे सोबत घेऊन अर्धे वर्ष परक्या आरोग्यव्यवस्थेत काढायचे असते. त्याची तयारी मात्र लोणच्याच्या बरण्यांइतकीही काळजीपूर्वक होत नाही.

अमेरिकेतील ‘मेडिकेअर’चा लाभ मिळतो का?

नाही. मेडिकेअर ही ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठीची सरकारी योजना असली, तरी ती पाहुण्यांसाठी नाही. ग्रीन कार्ड मिळालेल्या आई-वडिलांनाही सलग पाच वर्षे तिथे राहिल्यानंतरच हप्ता भरून तीत सामील होता येते. मुलाच्या कंपनीच्या विम्यात सहसा पत्नी आणि मुले येतात, आई-वडील येत नाहीत. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला अशी अट नाही. त्यामुळे विमा न काढताही जाता येते, आणि काही जण तसे जातातही. ब्रिटनमध्ये इमर्जन्सी विभागातील उपचार मोफत असतात. पण रुग्णालयात दाखल करून घेतले, की भारतीय पाहुण्याला एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल लागू शकते.

विमा काढला, तरी बिल का भरावे लागते?

याचे उत्तर पॉलिसीतील ‘आधीपासूनचे आजार’ या कलमात असते. प्रवासी विमा मुख्यतः प्रवासात अचानक उद्भवणाऱ्या आजारासाठी असतो. मधुमेहाची नेहमीची तपासणी, रक्तदाबाच्या गोळ्या, आधी ठरलेली शस्त्रक्रिया यांचा खर्च त्यात सहसा मिळत नाही. अमेरिकेत पाहुण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक पॉलिसींत जुन्या आजाराने ‘अचानक उचल खाल्ली’ तरच पैसे मिळतात. ही उचल अनपेक्षित असावी, आधी काही लक्षण नसावे आणि ठरावीक वेळेत, बहुधा २४ तासांत, उपचार घेतलेले असावेत, अशा त्याच्या अटी असतात. ७० वर्षांनंतर किंवा कंपनीने ठरवलेल्या वयानंतर हे संरक्षण कमी होते किंवा संपतेही.

दुसरी मेख पॉलिसीच्या प्रकारात आहे. स्वस्त पॉलिसींत प्रत्येक बाबीला कमाल रक्कम ठरलेली असते. खोलीला दिवसाला इतके, शस्त्रक्रियेला इतके. बिल त्यावर गेले, की उरलेले आपले. महाग, सर्वसमावेशक पॉलिसीत सुरुवातीची ठरावीक रक्कम स्वतः भरावी लागते, पण नंतरचा बराच खर्च कंपनी उचलते. भारतात काढलेल्या पॉलिसीतही ज्येष्ठांसाठी आजारानुसार उपमर्यादा असू शकतात. पहिल्या पानावरचा लाखो डॉलरचा आकडा पाहून समाधान मानण्यात अर्थ नाही. हप्ता वाचवण्यासाठी अर्जात मधुमेह लपवणे तर त्याहून घातक. रुग्णालयात पहिल्याच तासात औषधांची यादी विचारली जाते आणि ती कागदावर येते.

खर्चाच्या भीतीने दुखणे अंगावर काढले तर?

खरा धोका इथेच आहे. ‘उगाच मुलाला हजारो डॉलरचा भुर्दंड नको’ म्हणून छातीतील दुखणे दोन दिवस ‘ॲसिडिटी’ म्हणून खपवले जाते. हृदयविकारात किंवा पक्षाघातात तासाभराचा उशीरही महाग पडतो. वर विम्याचेही नुकसान होते. दुखणे दोन दिवसांपासून होते, अशी नोंद झाली, की ‘अचानक’ आणि ‘२४ तासांत’ या दोन्ही अटी डळमळतात. पैसे वाचवण्यासाठी पाळलेले मौनच पैसे घालवते. मुलांनी विमान सुटण्यापूर्वी पैशांचे हे बोलणे उघडपणे उरकून घ्यायला हवे.

अमेरिकेत १९८६च्या कायद्यानुसार इमर्जन्सी विभाग असलेल्या जवळपास सर्व रुग्णालयांना, पैसे आहेत की नाहीत हे न पाहता, रुग्णाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करावी लागते. बिल नंतर येते, आणि ते एकच नसते. रुग्णालय, डॉक्टर आणि रुग्णवाहिका यांची बिले वेगवेगळी येऊ शकतात. पण बिल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. बाबवार तपशील मागता येतो, हप्ते मागता येतात, घासाघीसही होते. ना-नफा रुग्णालयांना आर्थिक मदतीचे लेखी धोरण ठेवावे लागते. त्याचा अर्ज मागण्यात संकोच नको.

ताप, मुरगळलेला पाय, लघवीची जळजळ यांसाठी ‘अर्जंट केअर’ दवाखाना पुरतो आणि तो बराच स्वस्त असतो. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, धाप लागणे, शुद्ध हरपणे यांसाठी मात्र थेट इमर्जन्सी.

औषधे किती आणि कशी न्यावीत?

तिथल्या नियमानुसार वैयक्तिक वापरासाठी साधारण ९० दिवसांची औषधे सोबत नेता येतात. मुक्काम जास्त असेल, तर उरलेली डॉक्टरांच्या पत्रासह मागवावी लागतात. भारतीय डॉक्टरांची चिठ्ठी तिथल्या फार्मसीत चालत नाही. कापलेल्या पट्ट्यांवर औषधाचे नाव उरत नाही, म्हणून पूर्ण पट्ट्या आणि मूळ खोके न्यावेत. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. तिथेही नावे बदलतात. आपले पॅरासिटामॉल तिथे ‘ॲसिटामिनोफेन’ असते आणि दम्याच्या पंपातील साल्ब्युटामॉल ‘अल्ब्युटेरॉल’. हे ठाऊक नसले, तर क्रोसिन आणि टायलेनॉल एकाच दिवशी घेऊन एकाच औषधाचा दुप्पट डोस पोटात जातो.

इन्सुलिन हातातल्या बॅगेतच हवे, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, तेव्हा डोसची वेळ डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावी. मुंबई-न्यूयॉर्क हा १५-१६ तासांचा प्रवास. इतका वेळ बसून पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. पोटऱ्यांची हालचाल आणि अधूनमधून चालणे गरजेचे. उतरल्यानंतर काही आठवड्यांतही एकच पाय सुजला किंवा अचानक धाप लागली, तर तो जेट लॅग समजू नये.

घरात एकटे असताना काय?

मुले कामावर, नातवंडे शाळेत आणि घरात दोघेच, अशी दुपार रोजची असते. आपत्कालीन क्रमांक ९११ आहे. सिम नसलेल्या मोबाइलवरूनही तो लागतो, मात्र तिकडून परत फोन येऊ शकत नाही. म्हणून फोन लागताच आधी पत्ता सांगावा. घराचा पत्ता मोठ्या अक्षरांत, हवा तर उच्चारासाठी देवनागरीतही, फ्रिजवर चिकटवलेला असावा. इंग्रजी अडले, तर ‘मराठी’ किंवा ‘हिंदी’ एवढे म्हटले तरी अनेक ठिकाणी फोनवरचा दुभाषा जोडून दिला जातो. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांत तो विनामूल्य मिळतो. नातवाला दुभाषा करण्याची गरज नसते.