कर्ता शोधा

दिवाळीच्या अंकात कायद्यावर लिहिणे म्हणजे फराळाच्या ताटात कारले वाढण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु वाचकहो, मी पडलो मराठीचा मास्तर. वाक्य दिसले की त्यातला कर्ता शोधल्यावाचून मला चैन पडत नाही. मग ते वाक्य लघुनिबंधातले असो की विधेयकातले. आणि विधेयकातली वाक्ये या बाबतीत मोठी लबाड! ‘कर आकारण्यात येईल’, ‘अनुदान देण्यात येईल’, ‘दर विहित करण्यात येईल’. कोण आकारणार? कोण देणार? कर्ता आपला पडद्याआड स्वस्थ बसलेला. त्याला बाहेर ओढणे, हीच विधेयकाची खरी पारख. एखाद्या शहराने ती वेळीच केली नाही, तर काय होते?

आमच्या पिंपरी-चिंचवडचाच दाखला घ्या. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महापालिका. गावाला श्रीमंती आणली कारखान्यांनी. ती पालिकेच्या तिजोरीत पोचली जकातीच्या वाटेने. जकात काही फार गुणाची होती असे नव्हे. नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागत आणि चिरीमिरीच्या कथांना तोटा नसे. पण कारखाना वाढला की माल वाढे, माल वाढला की जकात वाढे आणि त्याच कारखान्यातल्या कामगारांच्या वस्तीला पाणी नि गटारे पुरवायला पैसा हाती येई. वसूल करणारा कर्ता गावातलाच होता.

१ एप्रिल २०१३ रोजी जकात गेली आणि स्थानिक संस्था कर आला. व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून निषेध केला. १ ऑगस्ट २०१५ पासून वर्षाला ५० कोटींच्या आत उलाढाल असणाऱ्यांना तोही माफ झाला. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतली जकातीची नोंदच पुसून टाकली आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर अवतरला. बदल्यात राज्याने महापालिकांसाठी नुकसानभरपाईचा कायदा केला. २०१६-१७ हे पायाचे वर्ष आणि त्यावर दरसाल ८ टक्के चक्रवाढ.

८ टक्के! ऐकायला किती गोड! आता जरा पाटी-पेन्सिल घ्या. २००१ च्या जनगणनेत आमची वस्ती १० लाख १२ हजार होती, २०११ मध्ये १७ लाख २७ हजार. म्हणजे वर्षाला सुमारे साडेपाच टक्के वाढ. त्याच वेगाने माणसे येत राहिली, तर उरले अडीच टक्के. नळ, सिमेंट, डिझेल आणि पगार यांची महागाई तेवढ्यात बसवायची! संथ वाढणाऱ्या शहराला हाच दर सुखाचा. आम्हाला तो काखेत काचतो. अंगरखा सगळ्यांना एकाच मापाचा शिवलेला, त्याला कोण काय करणार?

दुसरा दाखला याहून कडू आहे. महापालिका अधिनियमात कलम २६७-अ आले आणि २००८ पासून अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती बसू लागली. हेतू वाईट नव्हता. पण कारखान्यात आयुष्य घालवून अर्ध्या गुंठ्यावर दोन खोल्या बांधलेली हजारो कुटुंबे येथे होती. त्यांचे बिल तिप्पट झाले. पुष्कळांनी मग मूळ करही भरला नाही. टप्प्याटप्प्याने सवलती देत अखेर २०२३ मध्ये ही शास्ती माफ झाली. ‘आमच्या हद्दीत अशी घरे किती?’ हा एक साधा प्रश्न आरंभीच कोणी खणखणीत विचारला असता, तर पंधरा वर्षांचा हा घोर टळला नसता का?

मौज अशी की, शहराची हद्द बदलायची असेल, तर त्याच अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे सरकारने महापालिकेशी विचारविनिमय करायचा असतो. कर काढून घ्यायला मात्र तशी सक्ती नाही! म्हणून शहराने आपण होऊन बोलले पाहिजे. लेखाधिकाऱ्याने आकडे मांडावेत, विधी विभागाने कलमे वाचावीत, महासभेने ठराव करावा आणि तो अधिवेशनापूर्वी आमदारांच्या हाती पडावा. पण मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ आमच्याकडे महासभाच नव्हती. कारभार प्रशासकाच्या हाती. ज्या सरकारने नेमले, त्याच्याच विधेयकावर तो बिचारा कितीसे खडे बोल सुनावणार?

हे सारे आता आठवायचे कारण चाकण. त्या भागासाठी निराळी महापालिका हवी, असे २०२५ मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी बोलून दाखवले. रस्त्यांवरची वाहनांची कोंडी पाहता ती मागणी नवलाची नाही. पण चाकणकरांनी पाटी रंगवण्याआधी मसुदा हाती घेऊन बसावे. भरपाई मोजायला पायाचे वर्ष कोणते धरणार? पाणी आणि कचरा कोणाच्या माथी? आणि अनुदानाच्या कलमात ‘देईल’ म्हटले आहे की ‘देऊ शकेल’? पहिले असेल तर तगादा लावता येतो. दुसरे असेल तर मुंबईच्या खेपा घालाव्या लागतात, आणि गाडीभाडे ज्याचे त्याने भरायचे असते.