वजाबाकी पक्की हवी

एका चेतापेशीने दुसरीला चेतवायचे, तसेच कुणीतरी तिला वेळीच आवरायलाही हवे. मेंदूत हे आवरण्याचे काम मुख्यतः गाबा हे रसायन करते. जिवंत माणसाच्या मेंदूतले गाबा सुई न टोचता मोजता येते, हे येल विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ साली एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने दाखवले. अपस्मारावरचे व्हिगाबाट्रिन घेणाऱ्या रुग्णांच्या मेंदूत गाबा वाढल्याचेही याच तंत्राने दिसले. औषध आत काय करते ते प्रत्यक्ष कळणे, ही फार मोलाची गोष्ट आहे. म्हणूनच ही मोजणी आजच्याहून पक्की व्हायला हवी.

अडचण सरळ आहे. मेंदूत गाबा लिटरमागे जेमतेम एक-दोन मिलिमोल. तीन टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या यंत्रात सहसा तीन सेंटिमीटर बाजूचा घन निवडून दहाएक मिनिटे संकेत गोळा करतात, पण गाबाचा जो संकेत वाचायचा तो वर्णपटात नेमका क्रिएटिन या दुसऱ्या रसायनाच्या उंच शिखराखाली, ३.० पीपीएम या जागी, झाकलेला असतो. मेगा-प्रेस पद्धतीत त्यावर तोड अशी: एका वेळी १.९ पीपीएमवर निवडक स्पंद द्यायचा, म्हणजे ३.० वरच्या गाबाचे रूप बदलते. पुढच्या वेळी तो तिथे द्यायचा नाही. दोन्ही वर्णपट वजा केले की क्रिएटिन जाते, गाबा उरते. भरल्या पोत्याचे दोनदा वजन करून मूठभर धान्याचे वजन काढावे, तसा हा प्रकार. दोन वजनांच्या मध्ये काटा सरकला की मुठीचा आकडा गेलाच.

आणि काटा सरकतो. रुग्णाचे डोके जरासे हलते. स्पेक्ट्रोस्कोपीआधी एफएमआरआय केलेला असला तर यंत्राचे तापलेले भाग थंड होईपर्यंत चुंबकाची वारंवारता हळूहळू ढळत राहते. तीन टेस्लाला एक पीपीएम म्हणजे सुमारे १२८ हर्ट्झ. तिथे थोड्या हर्ट्झचा फरकही क्रिएटिनचा अवशेष गाबाच्या जागेवर ठेवून जातो. जॉन्स हॉपकिन्समध्ये विकसित झालेल्या गॅनेटसारख्या मोफत प्रणाली हे वर्णपट नंतर एका रेषेत आणतात, आणि त्याचा मोठाच उपयोग झाला आहे. पण तो निवडक स्पंद मुळात चुकीच्या जागी पडला असेल, तर ती चूक नंतर कोणतीही प्रणाली पुसू शकत नाही.

त्यात आणखी एक गुंता आहे. उरलेल्या संकेतातला जवळजवळ अर्धा वाटा गाबाचा नसून मोठ्या रेणूंचा असतो, म्हणून जाणकार त्याला ‘गाबा+’ म्हणतात. हा वाटा वगळायची युक्ती आहे, पण वारंवारता ढळण्याचा सर्वाधिक फटका तिलाच बसतो. ‘बिग गाबा’ या प्रकल्पाने २०१७ साली २४ केंद्रांवरच्या २७२ निरोगी प्रौढांची मोजणी प्रसिद्ध केली. गाबा+ मधली तफावत १२ टक्के निघाली, मोठे रेणू वगळून केलेल्या मोजणीत ती २८ टक्क्यांवर गेली. गाबा+ च्या एकूण फरकातला २० टक्के भाग केंद्रामुळे आणि ८ टक्के यंत्राच्या कंपनीमुळे होता. नैराश्य किंवा ऑटिझममधला बारीक फरक एवढ्या गोंधळात सहज बुडेल. या विषयावरचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, याचे एक कारण इथेच आहे.

सात टेस्लाच्या चुंबकाने शिखरे अधिक सुटी होतात, हे खरे. पण ते महाग आहे आणि मोजक्याच ठिकाणी आहे. तीन टेस्लाची यंत्रे मात्र जगभर आहेत. त्यांच्यात पाण्याच्या संकेतावरून वारंवारता आणि डोक्याची जागा मोजणी चालू असतानाच सुधारणारी सोय कंपन्यांनी मूळ यंत्रणेतच द्यावी. आज तिच्यासाठी बहुतेक ठिकाणी संशोधकांना स्वतः खटपट करावी लागते. नियतकालिकांनी प्रत्येक रुग्णाचा वर्णपट आणि वारंवारतेचा आलेख मागितल्याशिवाय निबंध छापू नये. आणि हे होईपर्यंत एकट्या रुग्णाला ‘तुमचे गाबा कमी आहे, म्हणून चिंता वाटते’ असे स्कॅनवरून कुणी सांगू नये. प्रयोगशाळांना तर नव्या निधीचीही वाट पाहायला नको: ज्या सत्रात दोन्ही तपासण्या आहेत तिथे स्पेक्ट्रोस्कोपी आधी आणि एफएमआरआय नंतर घ्यावा, हा बदल उद्याच्या पहिल्या रुग्णापासून करता येईल.