फॉर्मातल्या दहा जागा

गेल्या महिन्यात मिरजेत बारावीच्या मुलामुलींशी बोलायला गेलो होतो. विषय होता पदवीचे प्रवेश. कार्यक्रम संपल्यावर एक मुलगी थांबली. तिने परदेशातल्या विद्यापीठांचा फॉर्म भरायला घेतला होता. अभ्यासाबाहेर तुम्ही काय करता, असा त्यात एक भाग असतो आणि त्यासाठी दहा जागा असतात. तिने तीन भरल्या होत्या: वक्तृत्व स्पर्धेत सहभाग, वृक्षारोपण, योग दिन.

“सर, माझ्याकडे लिहिण्यासारखं काहीच नाही.”

मी विचारलं, कॉलेज सोडून दिवसभर काय करतेस? मग हळूहळू निघालं. सकाळी मोहल्ल्यातल्या मकतबमध्ये लहान मुलांना शिकवते, तीन वर्षं झाली. आईच्या बचत गटाची हिशोबाची वही तीच लिहिते, कारण गटातल्या बऱ्याच बायकांना लिहिता येत नाही. हे का नाही लिहिलंस, असं विचारल्यावर म्हणाली, “ते घरचंच आहे ना.” मग आवाज खाली आणून, “आणि मकतब लिहिलं तर... नाव बघून आधीच...” वाक्य तिने पुरं केलं नाही. मलाही विचारावं लागलं नाही.

‘घरचंच आहे’ आणि ‘नाव बघून’. आपली कितीतरी मुलं या दोन शब्दांपाशी अडतात.

आधी एक गोंधळ दूर करू. सगळ्या प्रवेशांना या गोष्टी लागत नाहीत. आयआयटीला जेईईची रँक बघतात, मेडिकलला नीटची, राज्यातल्या इंजिनिअरिंगला मुख्यतः एमएचटी-सीईटीची. मीही सीईटीच्या गुणांवरच इंजिनिअर झालो. मला कोणी छंद विचारले नाहीत. 2022 पासून केंद्रीय विद्यापीठांतल्या पदवी प्रवेशांसाठी सीयूईटी आली, तिथेही मुख्यतः गुणच चालतात. दिल्ली विद्यापीठात खेळाडू आणि कलाकारांसाठी थोड्या जागा असतात, पण तिथे चाचणी देऊन दाखवावं लागतं, नुसत्या प्रमाणपत्रावर भागत नाही. तेव्हा ज्याला सीईटीतूनच जायचं आहे त्याने सर्टिफिकेटं गोळा करण्यात अकरावी-बारावी घालवू नये.

काही ठिकाणी मात्र पूर्ण माणूस बघतात. सोनिपतचं अशोका, पुण्याचं फ्लेम, बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ, इथे गुणांबरोबर मुलाखतीलाही वजन आहे. अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांना चालणारा ‘कॉमन ॲप’ हा फॉर्म दरवर्षी 1 ऑगस्टला उघडतो. त्यात या दहा जागा, आणि प्रत्येक कामाचं वर्णन स्पेससकट 150 अक्षरांत. एमआयटीचा फॉर्म वेगळा आहे, तिथे चारच कामं मागतात. ब्रिटनचा भर विषयाच्या अभ्यासावर असतो. त्यांच्या नव्या अर्जात तीन प्रश्न आहेत आणि त्यातला एकच वर्गाबाहेरच्या तयारीचा आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट ही विद्यापीठं परदेशी मुलांनाही घरची ऐपत न बघता निवडतात आणि निवडल्यावर गरजेइतकी मदत देतात. तिथे प्रवेश मिळणं फार कठीण आहे. पण ती श्रीमंतांसाठीच आहेत, असं समजून फॉर्मच न भरणं चूक आहे.

हे कळलं की लगेच बाजार येतो. ‘प्रोफाइल बिल्डिंग’ नावाचा धंदा आता शहरोशहरी आहे. फी भरा, दोन महिन्यांत तुमची संस्था, लोगो आणि इन्स्टाग्राम पान तयार. पैसे देऊन छापलेला शोधनिबंधही मिळतो. प्रवेश झाला की संस्था बंद. गरीब मुलांना वह्या वाटतानाचे फोटो मात्र फॉर्मात राहतात. ते फोटो ज्या वस्तीत काढलेले असतात, ती वस्ती पुष्कळदा आपली असते. आपल्या मोहल्ल्यातलं पोर कोणाच्या तरी फॉर्ममध्ये ‘लाभार्थी’ म्हणून उभं असतं, आणि त्याच मोहल्ल्यात तीन वर्षं शिकवणारी मुलगी म्हणते, माझ्याकडे काही नाही.

खोटेपणाची हद्द किती, तर 2019 मध्ये अमेरिकेत एक मोठा खटला उभा राहिला. कधी वल्हं हातात न धरलेल्या मुलांना नौकानयनपटू दाखवून श्रीमंत पालकांनी नामांकित विद्यापीठांत घुसवलं होतं. दलालासकट अनेक पालकांना तुरुंगवास झाला.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी माझंही सांगतो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीसाठी मी रेझ्युमेत ‘ग्रामीण भागात सामाजिक कार्य’ असं लिहिलं होतं. खरं तर एनएसएसच्या शिबिराला एकच दिवस गेलो होतो, तोही हजेरीसाठी. समोरच्या बाईंनी साधा प्रश्न विचारला, त्या गावात पाणी कुठून येतं? मला सांगता आलं नाही. त्या चिडल्या नाहीत, फक्त कागद उलटा ठेवला. ती नोकरी गेली त्याचं आता काही वाटत नाही, पण तो उलटा ठेवलेला कागद अजून आठवतो. आज मी टेबलाच्या पलीकडे बसतो आणि मुलाखती घेतो. पहिला प्रश्न सगळ्यांना येतो. खोटं काम दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं. जे खरोखर केलेलं असतं त्याबद्दल मुलगा अडखळत का होईना, बोलत राहतो. काय फसलं तेही सांगतो.

आता ‘घरचंच आहे’ बद्दल. कॉमन ॲपच्या त्याच यादीत कामाचे प्रकार दिलेले आहेत. त्यात ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ हा प्रकार आहे आणि ‘पगारी काम’ हाही. लहान भावंडं सांभाळणं, आजारी आजीचं बघणं, संध्याकाळी दुकानावर बसणं, हे सगळं तिथे लिहायचंच असतं. 2016 मध्ये हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातून ‘टर्निंग द टाइड’ नावाचा अहवाल आला. कामांची लांब यादी नको, थोडं पण मनापासून केलेलं बघा, आणि घरासाठी राबणाऱ्या मुलांच्या कामाला किंमत द्या, असं त्यात प्रवेश अधिकाऱ्यांना सांगितलं आहे. म्हणजे त्यांना ते चालतं. लाज आपल्यालाच वाटते.

त्याच कार्यक्रमात एक मुलगा भेटला. घरी पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोऱ्यांचं काम. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशाच कारागिरांच्या हातांमुळे. हा मुलगा वडिलांजवळ बसून जवारी शिकतोय. घोडीचा माथा कानसेने केसभर घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं, तार बरोबर झंकारेपर्यंत. त्याला पुढे फिजिक्स शिकायचंय. त्याने फॉर्मात लिहिलं होतं ‘दोन दिवसांची रोबोटिक्स कार्यशाळा’. जवारीचा शब्दही नव्हता. ध्वनीचा एवढा अभ्यास हातात असलेला मुलगा अधिकाऱ्यांना दररोज भेटतो का?

‘नाव बघून’ याचं उत्तर इतकं सोपं नाही. नाव ऐकून घर भाड्याने न मिळाल्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. फॉर्म वाचणाऱ्या प्रत्येकाच्या मनात पूर्वग्रह नसेल, असं वचन मी त्या मुलीला दिलं नाही. पण त्या भीतीने तीन वर्षांचं काम आपणच खोडलं, तर पूर्वग्रहाचं काम आपणच करून टाकलं. मी तिला म्हटलं, लिही, पण वाचणाऱ्याला ‘मकतब’ शब्द कळणार नाही. म्हणून काय करतेस ते लिही. किती मुलं, कोणत्या वयाची, आठवड्यातून किती दिवस, ज्याला अक्षरं लागत नव्हती त्याच्यासाठी काय केलंस. आकडे खरे टाक. वीस असतील तर वीस.

जी मुलं अजून नववी-दहावीत आहेत त्यांनी काय निवडावं? घरापासून सायकलवर जाता येईल, फी लागणार नाही आणि आपण गेलो नाही तर कोणीतरी वाट बघेल, असं एखादं काम. दोन पुरेत, दहा नकोत. वॉर्डात पाणी का येत नाही हे विचारायला माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत करता येतो आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. असा एक प्रश्न वर्षभर धरून ठेवणारा मुलगा नागरिकशास्त्र पुस्तकाबाहेर शिकतो. एक वही ठेवा: तारीख, काय केलं, काय बिघडलं. सर्टिफिकेट नसलं तरी चालेल, पण तुमचं काम पाहिलेले एक शिक्षक हवेत. शिफारसपत्र तेच लिहितात.

आणि नियत तपासा. हा उपदेश परक्यांसाठीच नाही. रमजानमध्ये रेशनचं किट देताना घेणाऱ्याच्या तोंडासमोर कॅमेरा आपणही धरतो. रिया म्हणजे काय, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. उद्या फॉर्म फाडून टाकला तरी पुढच्या रविवारी मी तिथे जाईन का? उत्तर ‘हो’ असेल तर ते काम तुमचं आहे.

शेवटचं मोठ्यांसाठी. मुलांना मैदान आहे, कट्टा आहे. मुलगी आंतरशालेय वादविवादाला सांगलीला जाते म्हटली की घरात चार जण अडवतात, आणि मग तिच्या फॉर्ममधल्या जागा रिकाम्या का, असं आपणच विचारतो. लग्नाला आणि जलशाला उघडणारे मोहल्ल्यातले हॉल रविवारी दोन तास वाचनासाठी, चर्चेसाठी, मुलींसकट सर्वांसाठी उघडू शकतात. खर्च फक्त विजेचा. आणि आपल्यापैकी ज्यांना नोकऱ्या लागल्या आहेत, त्यांनी ऑगस्ट ते डिसेंबर एका मुलाचा, एका मुलीचा फॉर्म शेजारी बसून वाचावा. लिहून देऊ नये. फक्त विचारावं, दिवसभर काय करतेस?

त्या मुलीने परवा नवी यादी पाठवली. दहापैकी पाच जागा भरल्या आहेत, पाच मोकळ्या. मी तिला सांगितलं, मोकळ्याच राहू दे. पहिल्या जागेवर मकतब आहे, दुसरीवर बचत गटाची वही. योग दिन काढून टाकलाय. प्रवेश मिळेल की नाही, मला माहीत नाही. पण मुलाखतीत दुसरा प्रश्न आला तर तिला काळजी नाही.