खोक्यात नसलेला शिपाई

ब्रसेल्सला नोकरीला असलेल्या मामूंनी उन्हाळ्यात आमच्या धाकट्यासाठी एक खोकं आणलं. आत इंचभर उंचीचे बेल्जियमचे सैनिक, १९१४ सालचे. गडद निळे कोट आणि मशीनगन ओढणारे दोन कुत्रे. त्या सैन्यात खरोखरच कुत्रे मशीनगनच्या गाड्या ओढत. घरात कुत्रा चालणार नाही, पण प्लॅस्टिकचा चालेल, असा निकाल दादींनी दिला.

खेळाचे नियम आम्ही बसवले. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली असे नियम पुस्तकरूपाने छापले होते : एका डावात पायदळ एक फूट सरकेल, घोडदळ दोन फूट. पुढच्याच वर्षी खरं महायुद्ध पेटलं. जोगेश्वरीच्या आमच्या खोलीत रणांगण म्हणजे पलंगाशेजारची फरशी. तेव्हा आमचं पायदळ वीतभरच सरकतं. नेम लागला की नाही, ते लुडोचा फासा सांगतो.

दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या चाळीतल्या मुलांनी पन्हाळा केला. विटा, गोणपाट, चिखल, वर पेरलेले हळीव आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे. धाकटा चार दिवस कोपरापर्यंत चिखलात होता. किल्ला पुरा झाला त्या संध्याकाळी मात्र गप्प घरी आला.

"सगळे म्हणाले, तू सिद्दी जौहर हो. अब्बू, आपण नेहमी वेढा घालणारेच का?"

आम्हाला पटकन उत्तर सुचलं नाही. लहानपणी आम्हीही याच वस्तीत किल्ल्यांची माती कालवली आहे. जानेवारी १९९३ नंतर काही वर्षं आम्हाला कुणी बोलावलं नाही आणि आम्हीही गेलो नाही.

मग त्याला पन्हाळ्याचीच गोष्ट सांगितली. १६६० साली आदिलशहाच्या वतीने वेढा घालणारा सिद्दी जौहर होता, हे खरंच. पण तो वेढा फोडायला महाराजांच्या बाजूने नेताजी पालकरांबरोबर चालून आला तो सिद्दी हिलाल. त्याचा मुलगा वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. शाळेत इतिहास शिकवताना हे नाव आम्हीही किती वेळा घेतलं, ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी तो हिलाल मागायला गेला. मुलांनी नाव ऐकलं नव्हतं, पण हरकत कुणाचीच नव्हती. येताना एक हात तुटलेला मावळा घेऊन आला. "बेल्जियमला आपलं कुणी होतं?"

होता. खुदादाद खान, १२९व्या बलुची पलटणीचा शिपाई. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जियममधल्या होलेबेके इथे पलटणीच्या दोन मशीनगनपैकी एक तोफगोळ्याने निकामी झाली, अधिकारी जखमी झाला. खुदादाद स्वतः जखमी होता, तरी दुसरी गन चालवत राहिला. सोबतचे पाचही जण मारले गेले. शत्रू त्यालाही मेलेला समजून पुढे गेला. रात्री तो सरपटत आपल्या पलटणीत परतला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला तो पहिला हिंदी सैनिक.

मामूंच्या खोक्यात तो नव्हता. म्हणून तुटक्या मावळ्याला खाकी रंग चढला. आता बेल्जियन सैनिक त्याच्या कमरेलाही लागत नाहीत.

परवा फाशावर सहा पडले आणि आमच्या गोळीने खुदादाद आडवा झाला. धाकट्याने त्याला उचलू दिलं नाही. "तो रात्री परत येतो," म्हणाला. नियमात असं काही नाही, असं आम्ही सांगून पाहिलं.

"पण झालं होतं ना तसं?"

तो डाव आम्ही हरलो.