उतरलेल्या पाण्याचा काठ

धरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भरलेले धरणच येते. दरवाजे उघडतात, जलपूजन होते, खणानारळाने ओटी भरली जाते, दुसऱ्या दिवशी छायाचित्रे छापून येतात. पाणी उतरू लागले की त्या काठाकडे कोणी फिरकत नाही. मला विचाराल तर जलाशय बांधणाऱ्यांची पारख करायची ती याच दिवसांत.

हे मला उमगले ते अमेरिकेत, टेनेसी नदीच्या खोऱ्यात. मुलाकडे दोन हिवाळे काढले. त्याला गळ टाकण्याचा भारी नाद, आणि गाडीमागे ट्रेलरवर बोट. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी हे नाव आपल्या जुन्या अभियंत्यांना परके नाही. १९३३ साली स्थापन झालेल्या या प्राधिकरणाच्या धर्तीवरच १९४८ साली आपले दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले.

तिथले पंचांग आपल्या उलट. आपली धरणे दिवाळीत तुडुंब असतात, तिथली तेव्हा रिकामी होत असतात. त्या खोऱ्यात मोठे पूर येतात ते बहुधा हिवाळ्यात आणि वसंताच्या तोंडाशी. १८६७ च्या मार्चमध्ये चॅटनूगा शहर असेच बुडाले होते. म्हणून उन्हाळा सरला की पाणी सोडत सोडत जानेवारीपर्यंत पुरासाठी जागा करून ठेवायची. ही घट थोडीथोडकी नव्हे. डग्लस जलाशय सुमारे ४० फूट उतरतो, फोंटाना तर ५० फुटांच्या आसपास.

आता अशा पाण्यात बोट उतरवायची कशी? काठावरून पाण्यात जाणारा काँक्रीटचा उतार असतो. गाडी मागे घेत ट्रेलर पाण्यात न्यायचा आणि बोट तरंगली की सोडवायची. उन्हाळ्यात हे दोन मिनिटांचे काम. हिवाळ्यात पाणी काँक्रीटच्या टोकापाशी, कधी त्याच्याही खाली गेलेले असते. बोट ट्रेलरवर चढवताना इंजिन जोरात फिरवणाऱ्यांच्या पंख्याने त्या टोकापलीकडची माती उकरलेली असते. चाक त्या खड्ड्यात गेले की आस काँक्रीटच्या कडेला अडकतो, मग ना पुढे ना मागे. मुलगा आधी काठीने टोक चाचपून यायचा आणि मगच गाडी मागे घ्यायचा. शिवाय पाणी इतके थंड की पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांतच काम करेनासे होतात. जीवरक्षक जाकीट घालण्यावरून वाद घालणाऱ्यांनी एकदा त्या पाण्यात हात बुडवून पाहावा.

पण दोन गोष्टी मनात भरल्या. प्रत्येक जलाशयाची पातळी आज किती, येत्या काही दिवसांत किती राहील, हे रोज जाहीर होते. आणि सगळे नसले तरी काही उतार मुद्दाम लांबवून हिवाळ्याच्या पाण्यापर्यंत नेलेले आहेत.

तिथेही भांडणे आहेतच. काठावर घरे बांधलेल्यांना आणि बोटवाल्यांना तलाव भरलेला हवा. २००४ साली धोरण बदलले. ऑगस्टच्या आरंभी सुरू होणारी मोठी घट सप्टेंबरातल्या कामगार दिनापर्यंत लांबवली गेली. एवढे ठीक. याहून पुढे जाऊन हिवाळाभर पाणी ठेवा म्हणणे मला पटत नाही. घराच्या गच्चीतून चिखल दिसतो म्हणून खालच्या शहराने बुडायचे काय? धरण रिकामे करणे हेही धरणाचेच काम आहे. मागायचेच असेल तर पाण्यापर्यंत जायची वाट मागावी.

ही वाट सगळ्यांच्या हौसेची नसते. फोंटाना धरण महायुद्धात, १९४२ ते १९४४ मध्ये बांधले गेले. उत्तर काठावरची माणसे उठवली, त्यांना रस्त्याचे आश्वासन दिले. तो रस्ता काही मैलांपुढे गेलाच नाही. त्यांची दफनभूमी पलीकडेच राहिली. आजही वंशजांना तिथे फुले वाहायला राष्ट्रीय उद्यानाच्या बोटीतून जावे लागते. कोयनेच्या काठावरच्या माणसाला ही गोष्ट नवी वाटणार नाही.

शिवसागर जलाशयाने तोडलेल्या कांदाटी खोऱ्यातल्या गावांना लाँच आणि तराफ्याचा मोठा आधार. आपल्याकडे पाणी तळाला जाते ते एप्रिल-मेमध्ये. तेव्हा लाँच लांबच टेकते आणि म्हातारीकोतारी, आजारी माणसे, बाजाराची ओझी चिखलातून वर न्यावी लागतात. तराफा थांबला की पाण्यावरून गाडी नेण्याची वाट बंद. उजनीत २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला निघालेली बोट उलटून सहा जण गेले. ती वादळी वाऱ्याने उलटली, दोष पातळीचा नव्हता. तरी मृतसाठ्यात गेलेल्या जलाशयातही होडीवाचून ज्यांचे अडते अशी माणसे आहेत, हे त्या दिवशी पुण्या-मुंबईच्या वाचकांना कळले.

टेनेसीत सुटीच्या मासेमारीसाठी जे होते ते इथे रोजच्या जाण्यायेण्यासाठी का होऊ नये? पैसा नाही, हे उत्तर मी मानत नाही. धरणाच्या खर्चापुढे दोनचारशे फूट काँक्रीट ते किती? पातळी वर्षागणिक बदलते, हेही खरे, पण पूर्ण संचय आणि किमान पातळी हे दोन्ही आकडे प्रकल्पाच्या पहिल्या नकाशावरच असतात. उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीचे वाटप होते, त्याची नोंद होते, भाडे आकारले जाते. म्हणजे पाणी कुठवर खाली जाते हे सरकारी दप्तराला चांगले ठाऊक आहे. त्याच नोंदींवरून प्रत्येक थांब्यावर किमान पातळीपर्यंत पोचणारा एक उतार आखावा, आणि लाँचच्या वेळापत्रकाशेजारी त्या दिवशीची पातळी खडूने का होईना, लिहावी.