कर्ज किती, याआधी कर्ज का ते विचारा

भरती निघाली की सातारा-सांगलीतली मैदाने पहाटेच भरतात. नावातच ‘मिलिटरी’ मिरवणारे अपशिंगे इथलेच. माण, खटाव, जत, आटपाडी या कोरड्या तालुक्यांत तर सरकारी नोकरी हाच भरवशाचा पाऊस. निवड यादीत नाव लागल्यावर घरचे एखादे जुने कर्ज आडवे आले, तर ते पोर दाद मागणार कोणाकडे?

खरे तर थकलेले कर्ज हा दिवाणी मामला. चारित्र्य पडताळणीत पोलीस गुन्हे पाहतात, उधारी नाही. पण उधारीला दिवाणी राहू देतो कोण? खासगी सावकार पैसे मोजतानाच सही केलेले कोरे धनादेश ठेवून घेतो. हप्ता चुकला की धनादेश बँकेत जातो, न वटता परत येतो आणि परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम 138 खाली फौजदारी खटला उभा राहतो. त्यात शिक्षा 2 वर्षांपर्यंतची. मग साक्षांकन नमुन्यात खटल्याच्या रकान्यापुढे ‘होय’ लिहिणे आले. घाबरून ‘नाही’ लिहिले, तर माहिती दडवल्याचा दुसरा ठपका बसतो. प्रकरणाचे गांभीर्य आणि पदाचे स्वरूप तोलून निर्णय घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग खटल्यात बजावले आहे. त्यामुळे एका धनादेशावरून कुणाला सरसकट बाद करणे योग्य नाही.

कर्जात बुडालेला माणूस विकला जाईल, ही भीती मात्र खोटी नाही. अमेरिकी हेरखाते ‘सीआयए’चा अधिकारी अल्ड्रिच एम्स 1985 मध्ये देणी भागवण्यासाठीच सोव्हिएत हेरखात्याकडे गेला आणि 1994 मध्ये पकडला गेला. अमेरिकेत गोपनीय कामाची परवानगी देताना थकबाकी तपासतात ती म्हणूनच. पण आजारपण, गेलेली नोकरी, फेडीची प्रामाणिक धडपड या गोष्टी तिथे उमेदवाराच्या बाजूने धरल्या जातात.

आपला नियमही कारण विचारणाराच आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 मधला सतरावा नियम कर्मचाऱ्याला सततच्या कर्जबाजारीपणापासून दूर राहायला सांगतो आणि वसुलीचा दावा लागला तर वरिष्ठांना कळवायला लावतो. कर्ज उधळपट्टीतून झालेले नाही, परिस्थितीच हाताबाहेरची होती, हे दाखवण्याची जबाबदारी कर्मचाऱ्याची. नियम कडक आहे, पण बाजू मांडायला जागा ठेवतो. राज्याच्या 1979 च्या नियमांतही कर्जबाजारीपणाची तरतूद आहे.

ही जागा आता सिबिलचा अहवाल खाऊ लागला आहे. स्टेट बँकेने निवडलेल्या एका अधिकाऱ्याची नेमणूक जुन्या परतफेडीतल्या खोटींवरून रद्द केली. सगळी कर्जे फेडली आहेत, असे तो सांगत होता. मद्रास उच्च न्यायालयाने जून 2025 मध्ये बँकेचा निर्णय उचलून धरला. लोकांचा पैसा सांभाळणाऱ्याने स्वतःचा हिशेब चोख ठेवावा, यात वावगे काही नाही. पण फेडलेल्या कर्जाचा डाग किती वर्षे वागवायचा?

शिक्षण कर्जाचा कर्जदार विद्यार्थी स्वतःच असतो. अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभरात हप्ते सुरू होतात आणि स्पर्धा परीक्षांची तयारी त्याहून लांबते. म्हणजे नोकरी लागायच्या आतच नोकरीला अपात्र ठरायची सोय! भावकीतल्या कुणाला जामीन राहिलेल्याच्या अहवालातही ते ओझे दिसते. साखर कारखान्यांना थकहमी देताना सरकारने एवढी बारीक चाळणी लावल्याचे या भागात तरी कुणाला आठवत नाही.

कर्जावरून कोणाला नाकारायचे असेल, तर आधी त्याच्याकडून लेखी खुलासा घ्यावा आणि नकाराचे कारण त्याच्या हातात द्यावे, असा स्पष्ट आदेश राज्य सरकारने निदान आपल्या भरतीपुरता काढावा. पदानुसार फरकही करावा. गोपनीय कागद हाताळणारा आणि कार्यालयाच्या दारावर बसणारा यांना एकच माप नको. आणि 2014 च्या सावकारी कायद्याने मिळालेले झडतीचे अधिकार सातारा आणि सांगलीच्या जिल्हा उपनिबंधकांनी पुढच्या भरतीच्या आधीच वापरावेत. कोरे धनादेश सावकारांच्या कपाटांतच आहेत.